महामंडळांशी कामगिरीचा करार: सही कोण कोणाशी करणार?

डिचोलीकर: काल या धाग्यावर एका साहेबांनी फतवा काढला: "प्रत्येक सरकारी महामंडळाशी दरवर्षी करार करा, उद्दिष्ट गाठलं नाही तर पगारवाढ बंद. सहा महिन्यांत सगळे सरळ." वाचून डोकं फिरलं. साहेब, हे नवं नाही. सरकारी कंपन्यांच्या धोरणावरच्या अर्जुन सेनगुप्ता समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर केंद्राच्या कंपन्या आपापल्या मंत्रालयाशी सामंजस्य करार करू लागल्या. आपलं वास्कोचं गोवा शिपयार्डसुद्धा करतं. त्यावरून कामगिरीला पाच श्रेणी, सगळ्यात वर 'उत्कृष्ट'. पण आपल्याकडे महामंडळाचा अध्यक्ष बहुतेक वेळा कोण? ज्याचं मंत्रिपद हुकलं तो आमदार. समोर सही करणार त्याच्याच बाजूचा मंत्री. नवऱ्याने सासऱ्याकडून चारित्र्याचा दाखला आणावा तसं.

फोंडेकर: ते साहेब मीच. मग काहीच करायचं नाही? शिपयार्डला जमतं तर इतरांना काय धाड भरलीय?

डिचोलीकर: शिपयार्ड नौदलाला आणि तटरक्षक दलाला जहाजं देतं. जहाज वेळेत पाण्यात उतरलं की नाही, सगळ्यांना दिसतं. कदंबाचं, म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी बस महामंडळाचं, काय मोजणार? नफा मोजलात तर सत्तरीच्या आडगावची रात्रीची बस पहिली जाणार. आणि उद्दिष्ट ठरवणार कोण? तेच महामंडळ. खालचं ठरवायचं आणि 'उत्कृष्ट' घेऊन पेढे वाटायचे.

वाळपईवाली: त्या रात्रीच्या बसने माझी आई दवाखान्यातली ड्यूटी संपवून यायची. कंडक्टर आमच्या पायवाटेपाशी थांबून तिला बॅटरी दाखवायचा. त्या बॅटरीला कुठली श्रेणी देणार ते सांगा.

फोंडेकर: ताई, तेच तर करारात लिहायचं! बस तोट्यात धावणारच, पण तो तोटा सरकार भरणार, अमुक तारखेपर्यंत. फ्रान्समध्ये सरकारी उद्योगांवरच्या १९६७ च्या नोरा अहवालाने हेच सुचवलं होतं. करार म्हणजे सरकारवरही बंधन. सवलत मंत्र्याने जाहीर करायची आणि खड्डा महामंडळाच्या हिशेबात, हे बंद होईल.

डिचोलीकर: हे काल लिहिलं असतंत तर माझा अर्धा तास वाचला असता. काल नुसती पगारवाढ बंद होती.

मडगावचो भाऊ: करार-बिरार सोडा, आधी हजेरी. मी एका महामंडळात तीन वर्षं कंत्राटावर होतो. सकाळी साडेनऊला यंत्रावर थंब, पावणेदहाला खुर्चीला छत्री टांगलेली आणि माणूस मासळी बाजारात. कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आत्ता इथेच होते, छत्री बघा ना." मे महिन्यातसुद्धा छत्री!

निवृत्त मेकॅनिक: भाऊ, तोंड सांभाळून. माझी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये गेली, कुठल्या ते विचारू नका. शेवटी शेवटी तुमचं ते यंत्र आलं. ग्रीसने आणि पान्याने अंगठा इतका घासलेला की यंत्र वाचेना. रॉकेलने धुतला, खोबरेल लावलं, साहेबांनी फुंकर मारून बघितली. एका महिन्यात चार दिवस गैरहजर, आणि त्याच चार दिवसांत मी दोन इंजिनं उतरवली होती. छत्रीवाला मात्र पूर्ण हजर. त्याचा अंगठा कसा, लोण्यासारखा मऊ.

मडगावचो भाऊ: मी वर्कशॉपला काही बोललोच नाही. ऑफिसवाल्यांबद्दल बोललो.

निवृत्त मेकॅनिक: करार आला की गुण ऑफिसवालेच भरणार ना? मग आमच्या इंजिनांचे गुणसुद्धा छत्रीला.

फोंडेकर: धागा कराराचा आहे, अंगठ्याचा नाही!!

वाळपईवाली: अंगठा हाच मुद्दा आहे. जे यंत्राला वाचता येतं तेच मोजलं जातं.

फोंडेकर: बरं बाबा, पगारवाढ बंद मागे घेतो. केंद्रात श्रेणीवर कामगिरीचा भत्ता ठरतो, तसं असू दे. पण अध्यक्षालाही श्रेणी, आणि 'निकृष्ट' आली की सरकारी गाडी परत.

डिचोलीकर: हे विधानसभेत मंजूर झालं तर जेवण माझ्याकडून. आमदारांनीच हात वर करायचेत.

निवृत्त मेकॅनिक: भाऊ, एक सांगा. तो छत्रीवाला बाजारातून काय आणायचा?

मडगावचो भाऊ: बांगडे. खोटं कशाला बोलू, चार-दोन माझ्याही डब्यात यायचे.