मदत हवी आहे : ज्येष्ठांना आरोग्याची माहिती मराठीतून कशी द्यावी?

सर्वांना सादर नमस्कार.

वडोदऱ्यातील दांडिया बाजार परिसरात आम्ही काही जणी ज्येष्ठांसाठी रक्तदाब व मधुमेह या विषयांवर रविवारी तासाभराचा वर्ग सुरू करू इच्छितो. निमित्त घरचेच आहे. माझ्या सासूबाईंचा रक्तदाब औषधामुळे १३० / ८० वर आला, तेव्हा दुखणे बरे झाले असे समजून त्यांनी गोळी परस्पर बंद केली आणि तीन आठवड्यांनी चक्कर येऊन पडल्या. त्या गुजराती उत्तम बोलतात, पण लिपी वाचता येत नसल्याने दवाखान्यातून मिळालेले माहितीपत्रक तसेच कपाटात राहिले होते. अशी घरे आमच्या भागात बरीच आहेत.

उपाशीपोटीची साखर त्या दिवसापुरती कळते आणि एचबीएवनसी ही रक्ततपासणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, हा फरक सोप्या शब्दांत कसा सांगावा? दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक छोटा चमचा (टीस्पून) मीठ, ही मर्यादा सांगताना लोणचे-पापडातील मिठाचा हिशेब कसा मांडावा? ऐकणाऱ्याला त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावण्याची पद्धत मला सर्वांत उपयुक्त वाटते. मात्र ती वयस्कांना परीक्षेसारखी वाटू नये, यासाठी कोणी काय केले, हे अवश्य कळवावे.

मोठ्या अक्षरांतील मराठी तक्ते कोणाकडे असल्यास द्यावेत, आणि आमचा मजकूर तपासून देणारे डॉक्टर किंवा औषधतज्ज्ञ हवे आहेत, कारण चुकीचे काही आमच्याकडून सांगितले जाऊ नये.