मारुती ८०० (१९९२, कार्ब्युरेटर): गरम झाल्यावर न्यूट्रलला थरथरते, सिग्नलला बंद पडते

कराडची_८००
नमस्कार. गाडी बाबांची, १९९२ ची ८००, पाच गिअरच्या आधीची चार गिअरवाली. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर चालवणं सोडलं, आता मीच शाळेत नेते-आणते. दोन महिन्यांपूर्वी गॅरेजला कार्ब्युरेटर साफ करून आणला, तेव्हापासून त्रास सुरू आहे.

सकाळी चोक ओढून चालू केली की छान चालते. तापमानाचा काटा मधोमध आला, चोक आत ढकलला, की थरथर सुरू. स्टिअरिंग, आरसा, डॅशबोर्ड सगळं हलतं. कोल्हापूर नाक्यावर उभी राहिले की दोनदा तरी बंद पडते. तिसऱ्या-चौथ्या गिअरला मात्र तक्रार नाही, पिकअपही बरा. मेकॅनिकने प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवे टाकले, फरक शून्य. शेवटी त्याने स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली. आता बंद पडत नाही, पण सतत ओरडत असते आणि पेट्रोल खाते. "तीन सिलिंडरची आहे, थरथरणारच," असं म्हणाला. बाबा म्हणतात, ही अशी कधीच नव्हती. मला बाबांचं पटतं. कुठून सुरुवात करू?

पेठवडगाव_ड्रायव्हर
ताई, पेट्रोलकडे बघा. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. माझ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आतून फुगून चिकट झाले होते. पेट्रोल पाइप आणि फिल्टर बदलून बघा, खर्च फार नाही.

उद्यमनगर_मिस्त्री
पाइप बदलाच, जुन्या गाडीला ते करायलाच हवं. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं हेही खरं. इंजेक्शनची गाडी ते स्वतः सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. पण ताई, पेट्रोल कमी पडत असतं तर गाडीने चढाला आणि वेगात आधी मार खाल्ला असता. तुमची उलट आहे, वेगात शहाणी आणि उभी असताना आजारी.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं याच इंजिनांवर हात काळे केले. तुमच्या लिहिण्यातलं एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: चोक ओढला की छान चालते. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. गरम इंजिनला चोक बोटभर ओढून बघा. थरथर थांबली तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय, नाहीतर कार्ब्युरेटरचा आयडलचा जेट, म्हणजे उभ्या गाडीत पेट्रोल देणारं बारीक भोक, तुंबलाय. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंत मिश्रण नेणाऱ्या नळ्यांमध्ये) ओढ सगळ्यात जास्त असते, आणि इंजिनला हवा लागते अगदी थोडी. त्यात सुईएवढ्या फटीतून आलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. वेगात हवा इतकी जाते की तेवढ्या फटीचं काही वाटत नाही.

आता कोणता सिलिंडर कमजोर आहे ते शोधा. इंजिन बंद करा, एकाच प्लगची लीड, म्हणजे प्लगवर येणारी जाड वायर, काढा, तिच्या टोकात जुना प्लग अडकवून तो इंजिनच्या लोखंडाला घट्ट टेकवा, मग चालू करा. चालू इंजिनची लीड हाताने ओढू नका, झटका जोराचा बसतो. जी काढल्यावर आवाजात फरकच पडत नाही तो सिलिंडर आजारी. तिघांना सारखाच फरक पडला तर कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग बघायचं. टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर, गिअरबॉक्सच्या बाजूचा तीन. तुमच्या ९२ च्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) नाही, म्हणून हे बेधडक सांगतो. नव्या गाडीत न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन तो खराब होतो.

आणि रेसचा स्क्रू वाढवून घेणं म्हणजे ताप असताना नुसतं थर्मामीटर लपवणं. मला राग येतो असल्या कामाचा.

कराडची_८००
काका, रविवारी शेजारच्या दादाला घेऊन केलं. चोक थोडा ओढल्यावर थरथर जवळपास गेली! एक आणि दोनची लीड काढली की गाडी मरायला टेकते. तीनची काढली तर जेमतेम फरक. तीनचा प्लग पांढराफटक, बाकीचे दोन विटकरी.

उद्यमनगर_मिस्त्री
झकास काम केलंत. पांढरा प्लग म्हणजे त्याच सिलिंडरला हवा जास्त. एकट्या तीनलाच, म्हणजे जेट आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग बाजूला पडलं, ते तिघांचं सामायिक. तरी आधी प्लग आणि लीड दोननंबरशी बदलून बघा. दुखणं जागचं हललं नाही तर मॅनिफोल्ड आणि हेडच्या मधलं तीनच्या बाजूचं पॅकिंग धरा. कार्ब्युरेटर काढताना पाना जोरात लागला की मॅनिफोल्डचे नट सैल होतात, हे मी कितीदा पाहिलंय.

तपासायला स्प्रे बाटलीत साबणाचं पाणी घ्या आणि त्या जोडावर मारा. क्षणभर आवाज बदलला किंवा पाणी आत ओढलं गेलं, तर फट तिथेच. पुष्कळ जण कार्ब क्लीनर मारतात, पण गरम इंजिनवर तो पेट घेऊ शकतो. क्लीनर मारू नका. नट गार इंजिनवर, मधून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे आवळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावला तर स्टड उखडतो.

एवढ्याने भागलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. तीनचा आकडा बाकी दोघांपेक्षा बराच खाली आला तर व्हॉल्व्हकडे वळावं लागेल. कुणाकडे व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ पाऱ्याच्या इंचात मोजणारं मीटर) असेल तर तेही लावा. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं, काटा स्थिर. कराड साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे दोनेक इंच कमी दिसलं तर घाबरू नका.

कराडची_८००
प्लग-लीड अदलाबदल करून दुखणं तीनलाच राहिलं. साबणाचं पाणी मारलं आणि आवाज लगेच बदलला! तीनच्या बाजूचे दोन नट हाताने फिरत होते. तुम्ही सांगितलं तसे आवळले. थरथर निम्म्याहून कमी झाली. रेसचा स्क्रू परत मागे घेतला, दादाच्या मीटरवर मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपास थांबते, बंद पडत नाही. बाबा शेजारी बसून कान लावून ऐकत होते. म्हणाले, अजून थोडी बाकी आहे.

उद्यमनगर_मिस्त्री
बाबांचा कान बरोबर आहे. जुनं पॅकिंग एकदा हललं की पुन्हा नीट बसत नाही. नवं टाकून घ्या आणि मॅनिफोल्डची कड सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला सांगा. त्यानंतर इंजिनचे माउंटिंग बघा, रबर बसलं असेल तर तीन सिलिंडरची नेहमीची हलकी थरथर दुप्पट होऊन सीटला येते. नवं पॅकिंग टाकून शे-दोनशे किलोमीटर फिरलात की तीनचा प्लग काढून रंग कळवा.