मदत हवी आहे: रिओ नेग्रोवर गळ टाकायला जाण्याआधी जुन्या मोहिमांपैकी काय वाचावं?

येलदरीकाठ: राम राम मंडळी. नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीकाठच्या बार्सेलोसहून आठवडाभर टुकुनारे, म्हणजे पीकॉक बास माशाच्या मागे जायचंय. यादीत त्या भागातल्या जुन्या प्रवाशांपैकी ओरेयाना, हम्बोल्ट, वॉलेस, रूझवेल्ट यांची वर्णनं आहेत. गळाच्या उपयोगाचं कशात सापडेल? आणि मरळीचा रॉड चालेल का?

गोदातीर: ओरेयाना सोडा. १५४१-४२ मध्ये नापो नदीतून उतरून तो थेट समुद्राला लागला खरा, पण त्या वर्णनात भूक आणि लढायाच जास्त. वॉलेस आधी घ्या. १८५० ते ५२ तो रिओ नेग्रोच्याच खोऱ्यात होता. परतताना जहाज जळालं, संग्रह गेला. माशांची पेन्सिल-चित्रं मात्र वाचली.

कुठलंही वर्णन वाचताना आधी महिना बघा. रिओ नेग्रोवरच्या मनौस शहरापाशी नदी जूनच्या सुमारास सगळ्यात फुगते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळाला जाते. फरक साधारण १० मीटरचा! नाथसागराचा हिशेब तिथं लावू नका. पाणी चढलं की मासा बुडालेल्या जंगलात पांगतो, उतरलं की खाड्या-तळ्यांत गोळा होतो. रूझवेल्ट-रोंदोन यांच्या होड्या २७ फेब्रुवारी १९१४ ला निघाल्या त्या ऐन पावसात, तेही दुसऱ्याच नदीवर. त्यांची उपासमार वाचून नोव्हेंबरचा अंदाज बांधू नका.

मरळवाला: रॉड चालंल, पण मिडियम-हेवीच्या खालचा नको. ब्रेड (विणलेली दोरी) ६५ पौंडी, पुढं लुअरला जोडायचा ५० पौंडी लीडर (दोरीचा टोकाचा तुकडा) दीड-दोन फूट. लुअरचे (नकली आमिषाचे) कंपनीचे ट्रेबल (तीन टोकांचे गळ) आणि ते अडकवायच्या स्प्लिट रिंग काढून जाड तारेचे घाला, नाहीतर पहिल्याच ओढीत सरळ होतील. मासा लागला की फांद्यांत घुसतो, म्हणून ड्रॅग (रिळाचा ब्रेक) मरळीपेक्षा घट्ट. पिरान्हा ब्रेड कुरतडतात. सुटा स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) भरून न्या.

येलदरीकाठ: ब्रेड भरलीय, पण ओढली की स्पूलवर अख्खी गरागरा फिरते. ड्रॅग गेला का?

मरळवाला: नाही हो. गुळगुळीत स्पूलवर ब्रेड पकड घेत नाही. सगळी काढा, आधी मोनोचे (साध्या एकपदरी नायलॉन दोरीचे) १०-१५ वेढे घट्ट घाला, त्याला ब्रेड जोडा. भरताना ओल्या फडक्यात दाबून धरा. सैल भरली तर वरचा वेढा खाली रुततो आणि फेकताना गुंता होतो.

गोदातीर: हम्बोल्टचं १८०० सालच्या कासिक्यारेचं (ओरिनोको आणि रिओ नेग्रो जोडणाऱ्या प्रवाहाचं) वर्णन तेवढं वाचा. रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नद्यांवर डास कमी, हे त्यानंही टिपलंय. तरी पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातूनच, निघायच्या किमान १० दिवस आधी. परतल्यावर विमानतळावर पिवळं कार्ड (लसीचा दाखला) मागतात. नसलं तर विलगीकरणात ठेवतात.