करडई तेल + एसडीएस : अल्ट्रासॉनिक वेगाचे बिंदू विखुरतात

करडई_प्रकल्प, सोलापूर
एमएस्सीच्या प्रकल्पाला घाण्याचं करडई तेल आणि एसडीएसचं (सोडियम डोडेसिल सल्फेट, साबणासारखा पदार्थ) पाण्यातलं द्रावण घेतलंय. १०० मिलि द्रावणात ५ मिलि तेल, अर्धा तास मॅग्नेटिक स्टररवर. इंटरफेरोमीटर (द्रवातला ध्वनिवेग मोजणारं उपकरण) २ मेगाहर्ट्झचा, लघुत्तम माप ०.०१ मिमी. सीएमसीला (ज्या संहतीपासून एसडीएसचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे पुंजके बनवतात) आलेख वळायला हवा, पण त्याच नमुन्याची दोन वाचनं ५-६ मी/से ने वेगळी येतात. वॉटर बाथ ३० अंशांवर आहे, खोलीत ३६.

ध्वनिवेग
खोली ३६ आणि बाथ ३० वर? बाथला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात सरळ ४० ला लावा. तापमान वाढलं की पाण्यातला वेग वाढतो आणि तेलातला घटतो, त्यामुळे तापमान हललं की नेमकं काय बदललं तेच कळत नाही.

आधी ऊर्ध्वपातित पाणी तपासा. ४० ला १५२९ मी/से यायला हवा, म्हणजे परावर्तक सरकवताना सुईच्या लागोपाठच्या दोन शिखरांत ०.३८२ मिमी (अर्धी तरंगलांबी). २० अंतरं मोजलीत (७.६४ मिमी) तर स्केलच्या एका भागाची (०.०१ मिमी) चूक २ मी/से ची पडते. ५० मोजा. स्क्रू एकाच दिशेने फिरवा, मागे घेतलात की बॅकलॅश (आट्यांतला ढिलेपणा) आलाच.

मायसेल
तापमान सुधारलं तरी खरी गोची तेलात आहे. करडई तेलातल्या ट्रायग्लिसराइडचा रेणू एसडीएसच्या मायसेलला फार मोठा, तो जवळजवळ शिरतच नाही. तुमच्या सेलमधलं (नमुन्याच्या भांड्यातलं) दुधाळ प्रकरण द्रावण नाही, पायस (इमल्शन) आहे. थेंबांवर ध्वनी विखुरतो, सुईचं शिखर बसकं होतं, आणि वाचन संपेपर्यंत तेल वर चढतं. संपीड्यतेच्या सूत्रात, १/(v²ρ) मध्ये (v वेग, ρ घनता), आकडे घालून उत्तर येईल हो, पण त्याला रेण्वीय आंतरक्रिया म्हणू नका.

आधी नुसत्या एसडीएसची मालिका: २ ते १६ मिलिमोल/लिटर, ८ च्या (सीएमसीच्या) आसपास बिंदू दाट. (८ साठी १०० मिलिला ०.२३१ ग्रॅम.) मग १६ च्या द्रावणात निलगिरी किंवा लवंग तेल मायक्रोपिपेटने १०-१० मायक्रोलिटर, गढूळ दिसलं की थांबा. फेस होऊ देऊ नका, परावर्तकाला चिकटलेला एक बुडबुडा शिखर खातो.

करडई_प्रकल्प, सोलापूर
घनतेची बाटलीही ४० लाच ना? आणि सेल कशाने धुवायचा?

ध्वनिवेग
हो, त्याच बाथमध्ये १५ मिनिटं, मगच झाकण लावून बाहेरून पुसायची. सेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा विसळा, मग पाण्याने. ध्वनी सोडणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर बोळा घासू नका, मुलामा जातो.