घरच्या लॅपटॉपची डिस्क इमेज घेण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमच्या घरी विंडोज ११ असलेला एक लॅपटॉप आहे. त्यातली एसएसडी ५१२ जीबीची असून सुमारे १८० जीबी जागा भरलेली आहे. छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची प्रत मी बाह्य हार्ड डिस्कवर ठेवतेच. पण बाबा याच यंत्रावर टॅलीमध्ये दुकानाचे हिशेब लिहितात, आई जुन्या फाँटमध्ये लग्नपत्रिका आणि स्मरणिका जुळवून देते, आणि ही सगळी मांडणी, म्हणजे परवाने, फाँट, कळफलकाच्या रचना, प्रिंटरचे ड्रायव्हर, नव्याने बसवायची वेळ आली तर दोघांचेही काम कित्येक दिवस अडून राहील. म्हणून फायलींच्या प्रतीखेरीज संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट जशीच्या तशी प्रत, घेऊन ठेवावी असे ठरवले आहे.

मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती घ्या, असा सल्ला अनेक जुन्या लेखांत आढळतो. काही जण क्लोनझिलाचे नाव घेतात. विंडोजमध्येही सिस्टिम इमेज घेण्याची सोय दिसते आहे, तर मग वेगळे सॉफ्टवेअर घ्यावेच कशाला, असा प्रश्न बाबांनी विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. पैसे मोजायला आमची ना नाही, मात्र त्यामागचे कारण कळायला हवे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

खडूफळा

तुमच्या बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कंट्रोल पॅनलमध्ये विंडोज ७ च्या नावाने जी बॅकअपची सोय दिसते, तिच्यातील सिस्टिम इमेजचा भाग मायक्रोसॉफ्टने २०१७ साली, विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, ‘यापुढे विकास नाही’ अशा यादीत टाकला आणि अन्य कंपन्यांची साधने वापरावीत असेही सुचवले. ती सोय आजही चालते, पण जिच्याकडे खुद्द निर्मात्याने पाठ फिरवली आहे तिच्यावर दुकानाचे हिशेब सोपवावेत असे मला वाटत नाही. मॅक्रियमच्या मोफत आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ पर्यंतच मिळणार होत्या. तिची सशुल्क आवृत्ती चांगली आहे, परंतु जुन्या लेखांतला मोफतचा सल्ला आता गैरलागू झाला आहे.

मी स्वतः क्लोनझिलाच्या बाजूने मत देईन. शाळेच्या संगणक कक्षात सारखी यंत्रे असतात. एका यंत्रावर सगळे नीट बसवून त्याची इमेज बाकीच्यांवर उतरवायची, या कामाला त्याच्याइतके भरवशाचे साधन मी पाहिलेले नाही. ते तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झाले आहे, मुक्तस्रोत आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. पेनड्राइव्हवरून बूट करून ते चालवायचे असते, त्यामुळे इमेज घेताना विंडोज झोपलेले असते आणि कोणतीही फाइल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पकडली जात नाही. एनटीएफएससारखी ओळखीची फाइल-व्यवस्था असेल तर फक्त भरलेली जागा वाचली जाते. इमेज पूर्ण झाल्यावर ती परत उतरवण्याजोगी आहे की नाही हे तपासायचे का, असेही ते विचारते. तिथे नेहमी होकार द्यावा. पडदाभर इंग्रजी मजकुराची भीती वाटत असेल तर रेस्क्यूझिला पाहावे. त्याला माउसने चालवता येणारा साधा चेहरा आहे आणि ते क्लोनझिलाच्या इमेजही वाचते.

एक पथ्य मात्र पाळा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीच्या शट डाउनमध्ये यंत्र पूर्णपणे बंद होत नाही, पार्टिशन अर्धनिद्रेत राहते आणि बाहेरून बूट केलेले साधन त्यावर हरकत घेते. शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन केले की यंत्र खरोखर बंद होते.

तारायंत्र

खडूफळा यांनी क्लोनझिलाचे जे गुण सांगितले ते मला मान्य आहेत, तरीही या घरासाठी मी ते पहिले निवडणार नाही. संगणक कक्षात इमेज एकदा घेतात आणि पुष्कळ वेळा उतरवतात. घरी नेमके उलटे असते: इमेज वारंवार घ्यावी लागते आणि उतरवण्याची वेळ क्वचित येते. क्लोनझिला दर वेळी पूर्ण इमेज घेते, मागच्या वेळेनंतर बदललेला भागच तेवढा जतन करण्याची सोय त्यात नाही, आणि त्यासाठी दर वेळी यंत्र बंद करून पेनड्राइव्ह लावावा लागतो. बाबांचे हिशेब रोज बदलतात. जे काम करायला घरातल्या कोणाला तरी रात्री मुद्दाम बसावे लागते, ते दुसऱ्या महिन्यात मागे पडते. शिवाय इमेजमधून एखादीच फाइल काढणे क्लोनझिलात सोपे नाही, आणि घरी तर हीच गरज सर्वांत जास्त वेळा पडते.

विंडोज चालू असतानाच इमेज घेणारी साधने व्हॉल्यूम शॅडो कॉपी या विंडोजच्याच सेवेचा आधार घेतात. डिस्कची एका क्षणीची स्थिती गोठवून त्या स्थितीची प्रत घेतली जाते, आणि इकडे तुमचे काम चालू राहू शकते. व्हीम एजंटची विंडोजसाठीची मोफत आवृत्ती याच पद्धतीने चालते. पहिल्यांदा पूर्ण इमेज, नंतर फक्त बदललेले भाग, ठरलेल्या वेळी आपोआप. बाह्य डिस्क जोडताच बॅकअप सुरू करावा आणि संपताच ती डिस्क काढून घेण्याजोगी करावी, असेही त्यात ठरवता येते. मोफत आवृत्तीत बॅकअपचे एकच काम नोंदवता येते, पण एका लॅपटॉपला एक पुरते. डिस्क कायम जोडून ठेवू नका. खंडणीखोर विषाणू आला तर तो जोडलेली बाह्य डिस्कही कुलूपबंद करतो.

बदललेल्या भागांच्या इमेज साखळीसारख्या असतात: मधला एक दुवा बिघडला तर त्यापुढचे सगळे निरुपयोगी होतात. म्हणून अधूनमधून नवी पूर्ण इमेज घ्यावी. बाह्य हार्ड डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला तर १८० जीबीला अर्धा तास लागतो. जुन्या यूएसबी २.० पोर्टमध्ये तीच डिस्क लावली तर सुमारे दीड तास जातो. जोडणी कोणत्या पोर्टमध्ये आहे तेवढे पाहा.

निवडीची माझी खरी कसोटी मात्र इमेज परत उतरवण्याची आहे. प्रत्येक साधन बूट करण्याजोगा एक पेनड्राइव्ह बनवून देते. तो आजच बनवा, लॅपटॉप त्यावरून बूट करा आणि आतली एसएसडी व बाहेरची हार्ड डिस्क, दोन्ही तिथे दिसतात का ते पाहा. पुष्कळ इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी, म्हणजे एसएसडी हाताळण्याची इंटेलची वेगळी पद्धत, चालू असते, आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हमध्ये नसेल तर एसएसडी दिसतच नाही. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन तो पर्याय बदलू नका, कारण मग विंडोज सुरू होणे थांबू शकते. पेनड्राइव्ह त्याच लॅपटॉपवर, त्याचे ड्रायव्हर त्यात घालून, पुन्हा बनवा. ज्या साधनाच्या पेनड्राइव्हवर दोन्ही डिस्क दिसतात ते तुमचे साधन. बाकी तुलना त्यानंतर.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. व्हीमचा पेनड्राइव्ह बनवला आणि त्यात दोन्ही डिस्क दिसल्या. एसएसडीच्या शेजारी मात्र कुलपाचे चिन्ह आहे. सेटिंग्जमध्ये पाहिले तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे, जे आमच्यापैकी कोणीही चालू केलेले नाही. याने इमेजला बाध येतो का? आणि लॅपटॉपच निकामी झाला तर हीच इमेज नव्या लॅपटॉपवर उतरवता येईल का?

तारायंत्र

हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिली मांडणी केली की हे कूटबद्धीकरण, म्हणजे चावीविना डिस्कवरील माहिती वाचता येऊ नये अशी सोय, आपोआप चालू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यात जतन झालेली असते. ती आज कागदावर उतरवून घ्या आणि लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात ठेवा.

विंडोज चालू असताना इमेज घेतली तर साधनाला उघडी माहिती मिळते, त्यामुळे अडचण येत नाही. पण मग इमेजही उघडीच राहते. बाह्य डिस्क चोरीला गेली तर बाबांचे हिशेब कोणालाही वाचता येतील, म्हणून इमेजला पासवर्ड लावा. तो विसरला तर इमेज उघडण्याचा दुसरा मार्ग नाही, तेव्हा तोही त्याच कागदावर लिहा. उतरवल्यानंतर ड्राइव्ह कुलपाविना येऊ शकतो. तेव्हा कूटबद्धीकरण पुन्हा चालू करावे लागेल.

खडूफळा

क्लोनझिला वापरायचे ठरवले तर इथेच फरक पडतो, हे मीही सांगायला हवे. कुलूपबंद पार्टिशन बाहेरून वाचताना रिकामी जागा कोणती आणि भरलेली कोणती हे ओळखता येत नाही, म्हणून १८० जीबीऐवजी जवळजवळ संपूर्ण ५१२ जीबी उतरून घ्यावे लागते आणि ते दाबून लहानही होत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजची हीच कूटबद्धीकरणाची सोय, केवळ ‘सस्पेंड’ करून हे टळत नाही. त्यात चावी उघडी पडते, पण डिस्कवरील माहिती कूटबद्धच राहते. ‘टर्न ऑफ’ करून उलगडा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. तुमच्या स्थितीत तारायंत्र यांचाच मार्ग बरा.

नव्या लॅपटॉपबद्दल: विंडोज १० आणि ११ अनोळखी यंत्रावरही बहुतेक वेळा सुरू होतात, पण लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो आणि हिशेबाचे किंवा फाँटचे परवानेही नव्याने सक्रिय करावे लागू शकतात. म्हणून एसएसडी बदलली, यंत्र तेच राहिले, तर संपूर्ण इमेज उतरवा. यंत्रच बदलले तर त्याचे स्वतःचे विंडोज राहू द्या, इमेज उघडून टॅलीचे डेटा फोल्डर, आईचे फाँट आणि तिच्या फायली तेवढ्या काढून घ्या. टॅलीचे डेटा फोल्डर नेमके कोणत्या ड्राइव्हवर आहे ते आत्ताच बाबांना विचारून पाहा. ते दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर बॅकअपमध्ये फक्त सी ड्राइव्ह न निवडता संपूर्ण संगणक निवडावा लागेल.