फुजिवारा नो तेइका : युद्धाकडे पाठ फिरवणारा कवी?

प्रश्न – अनुस्वार

हायकू मराठी वाचकाला चांगला परिचित आहे. त्याच्या कितीतरी आधीच्या, पाच चरणांच्या आणि एकतीस मात्रांच्या वाका या जुन्या काव्यप्रकाराकडे वळलो, तेव्हा फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) हे नाव वारंवार समोर आले. ११८० मध्ये तायरा आणि मिनामोतो या घराण्यांत युद्ध पेटले. त्या वर्षीच्या त्याच्या रोजनिशीत, लाल निशाणे आणि बंडखोरांवरच्या स्वाऱ्या यांच्याशी माझे काही देणेघेणे नाही, अशा आशयाचे वाक्य आहे. देश होरपळत असताना अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण असे लिहितो, याला वाङ्मयनिष्ठा म्हणावे की दरबारी माणसाची बेफिकिरी? जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १ – शिळा आणि शाई

या एका वाक्यावरून निवाडा करू नये, असे मला वाटते. एक तर त्यातले शब्द चिनी कवी बाइ जुयी याच्याकडून उचललेले आहेत. शिवाय पुढे रोजनिशीची स्वच्छ प्रत करताना म्हाताऱ्या तेइकाने ते मागाहून घातले असावे, अशी शंका अनेक अभ्यासकांनी घेतलेली आहे.

उरलेली रोजनिशी वाचली की बेफिकिरीचा आरोप टिकत नाही. ‘मेइगेत्सुकी’ या नावाने ओळखली जाणारी ही नोंदवही चिनी भाषेत आहे आणि पन्नासहून अधिक वर्षांचा काळ व्यापते. बढती न मिळाल्याची कुरकुर, दुखणी, दरबारातली कुजबुज, सारे तीत आहे. १२३० मध्ये दुष्काळाची चाहूल लागली तेव्हा घरच्या बागेतली झाडे खणून काढून तिथे धान्य पेरल्याची नोंद आहे. त्याच वर्षी आकाशात अनोळखी तारा दिसला, म्हणून त्याने पूर्वीच्या अशा ताऱ्यांच्या नोंदी गोळा करून लिहून ठेवल्या; त्यांत १०५४ चा तो तारा आहे, ज्याचे अवशेष आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. स्वभावही शांत नव्हता. ११८५ मध्ये राजवाड्यात एका सहकाऱ्याशी खटका उडाला आणि याने त्याला दिवटीने मारले. दरबारबंदी झाली, ती उठवण्यासाठी शुन्झेइ या कविपित्याला कवितेतून रदबदली करावी लागली.

प्रतिसाद २ – उत्तररात्र

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. पण मला वाटते, खरा मुद्दा पोटापाण्याचा आहे. तेइकाच्या घराण्यात कविता ही वडिलोपार्जित वतनासारखी होती आणि ते वतन राजाच्या मर्जीवर चालत असे. १२०० मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा याने निवडक कवींकडून शंभर-शंभर कविता मागवल्या, तेव्हा यादीत तेइकाचे नाव नव्हते. पुन्हा शुन्झेइने पत्र लिहिले, तेव्हा कुठे ते आले. पुढच्याच वर्षी ‘शिन्कोकिन्शू’ या राजाज्ञेने होणाऱ्या संग्रहाच्या संपादकांत त्याची नेमणूक झाली. सुमारे दोन हजार कवितांच्या या संग्रहाच्या पूर्तीचा सोहळा १२०५ मध्ये झाला, पण गो-तोबा त्यानंतरही कविता काढत-घालत राहिला आणि दोघांच्या अभिरुचीतला तणाव वाढत गेला.

१२२० मध्ये दोघांचे संबंधच तुटले. आईची पुण्यतिथी असतानाही तेइकाला राजवाड्यातल्या काव्यसभेस यावे लागले आणि तिथे त्याने वाटेवरच्या वाळुंजाची कविता सादर केली. तीत आतल्या आत धुमसणाऱ्या दुःखाचा धूर आहे. गो-तोबाला तो आपल्यावरचा ठपका वाटला आणि तेइकाला काव्यसभांचे दार बंद झाले. दैवाचा खेळ पाहा : पुढच्याच वर्षी गो-तोबाने कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तो हरला आणि ओकी बेटावर हद्दपार झाला, मर्जीतून आधीच उतरलेला तेइका मात्र सुरक्षित राहिला आणि १२३२ मध्ये उच्चपदापर्यंत चढला. १२०९ मध्ये त्याने कामाकुराचा तरुण शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताप्रमुख, सानेतोमो याच्यासाठी काव्यविषयक ग्रंथ लिहून पाठवला होता. ज्याला लाल निशाणांशी देणेघेणे नव्हते, त्याचे सूत योद्ध्यांशी चांगलेच जुळलेले होते.

अनुस्वार

मग याला संधिसाधू का म्हणू नये? १२३५ च्या ‘शिनचोकुसेनशू’ या त्याने संपादित केलेल्या दरबारी संग्रहामध्ये हद्दपार सम्राटांच्या कविता त्याने वगळल्या, असे वाचले.

प्रतिसाद ३ – पाणकणीस

वगळल्या, हे खरे आहे. कामाकुराची नाराजी ओढवू नये म्हणून तसे करावे लागले. त्याच वर्षी निवृत्त योद्धा उत्सुनोमिया योरित्सुना याच्या सागा येथील बंगल्याच्या सरकत्या दारांसाठी त्याने निवडक जुन्या कविता स्वतःच्या हाताने लिहून दिल्या. शंभर कवींची एकेक कविता घेणारा ‘ह्याकुनिन इश्शू’ हा संग्रह याच कामातून आकाराला आला, असे सामान्यतः मानतात; आज जपानी घरांत त्यावरून पत्त्यांचा खेळ खेळला जातो. आपल्याकडे आलेल्या रूपात त्याच्या शेवटच्या दोन जागा हद्दपार गो-तोबा आणि त्याचा तसाच हद्दपार झालेला सम्राटपुत्र जुन्तोकु यांच्याच आहेत. त्या तेइकाने ठेवल्या की पुत्र तामेइएने, यावर वाद आहे, म्हणून त्याला धैर्याचे प्रशस्तिपत्र देण्याची घाई मी करणार नाही.

परंतु त्याला फक्त दरबारी हिशेबाने मोजणे मला पटत नाही. त्याची ११८६ मधली एक कविता पाहा. दूरवर नजर टाकतो, तर ना बहरलेली फुले आहेत, ना लालबुंद पाने. किनाऱ्यावर गवताने शाकारलेले एक खोपट, आणि शरदातली संध्याकाळ. नाही असे सांगून त्याने फुले आणि पाने आधी डोळ्यांपुढे आणली आहेत, मग पुसली आहेत, आणि पुसल्यावर उरते ते खोपट अधिकच उघडे दिसते. हे तंत्र चोविशीतल्या तरुणाचे आहे. शब्द जुने असावेत आणि भाव नवा असावा, हे सूत्र त्याने पुढे ग्रंथांत मांडले; अलीकडच्या कवींच्या ओळी उसन्या घेऊ नयेत, असेही बजावले.

दुसरे काम लेखनिकाचे. ‘गेन्जी’ आणि ‘इसे’ या जुन्या कथा, ‘कोकिन्शू’ हा काव्यसंग्रह आणि ‘साराशिना’ची रोजनिशी यांच्या प्रती त्याने केल्या किंवा करवून घेतल्या. १२३५ मध्ये दहाव्या शतकातील कवी त्सुरायुकी याच्या ‘तोसा’च्या रोजनिशीची मूळ हस्तलिखित प्रत त्याच्या हाती आली, तेव्हा त्याचे वय सत्तरीपलीकडचे होते. त्याने मजकूर उतरवला आणि अखेरच्या भागात त्सुरायुकीचे वळण दिसावे म्हणून त्याच्याच अक्षराची नक्कल केली. मूळ प्रत पुढे नाहीशी झाली. त्सुरायुकीचे अक्षर कसे होते, याचा अंदाज आज अभ्यासक त्या नकलेवरून बांधतात.