तान्हा पोळा जवळ आला: खरादीवर (लाकूड फिरवून कातायच्या मशीनवर) हात-डोळे कसे सांभाळता? (अनुभव धागा)

घाटरोड
बाजारात तान्ह्या पोळ्याचे, पोरं ओढतात ते लाकडी नंदी दिसायला लागले आणि चाकं कातायची ती घरघर कानात घुमली, म्हणून धागा काढतोय. राखी पौर्णिमा ते पोळा, मध्ये पंधराच दिवस. म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत मनगटावर राख्या असतात. राखीचा रेशमी गोंडा सहजी तुटत नाही. १००० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे सेकंदाला १६ च्या वर फेरे, धागा चकात (लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) गेला की हात मागे घ्यायचं सुचेपर्यंत मनगट आत गेलेलं असतं. राखी काढून देवापुढे ठेवा, बहिणीला वाईट वाटणार नाही. कडं, गळ्यातली चेन, उन्हासाठी बांधलेला दुपट्टा, सगळं बाहेर. बाही कोपराच्या वर. आणि हातमोजे अजिबात नकोत. मोजा धरला गेला तर बोटासकट ओढला जातो.
बाकीच्यांनी आपापलं लिहा.

पुलीवाला
स्पीडचं लिहितो. व्यास इंचात गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० च्या मधे पाहिजे. ३ इंची चाकाला २००० ते ३०००, १० इंची वाडग्याला ६०० ते ९००. ठोकळा ओबडधोबड असेल तर त्याहून कमी, गोल होईस्तोवर मशीनच्या सगळ्यात हळू पायरीवर.
आता घोटाळा कुठे होतो ते बघा. मोटर १४४० ची, मोटरवर ३ इंची पुली, स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर) ६ इंची, तर ७२० मिळतात. पट्टा उलट पायरीवर असला की तेच २८८०. आधीच्या माणसाने नंदीची चाकं कातली, पट्टा तिथेच राहिला, नंतरच्याने १० इंची ठोकळा चढवला. त्या ठोकळ्याचा काठ ताशी १३८ किलोमीटरने फिरतो. त्यात आतून चीर असेल तर फुटणारच. बटणाला हात लावायच्या आधी पट्टा बघायचा, रोज, दर वेळी.

महालची_ताई
दादा, पोरगा सुतारकाम शिकतो आहे. साधा चष्मा चालतो ना? शील्डमध्ये घाम येतो म्हणतो.

घाटरोड
नाही ताई. चष्म्याने फक्त डोळे झाकतात, उडालेला तुकडा गालावर, जबड्यावर बसतो. हनुवटीखाली येणारी पूर्ण फेसशील्ड, आणि तिच्या आतही चष्मा. घाम येतो हे खरं आहे. कपाळाला सुती पट्टी बांधू द्या, टोक लोंबायला नको. कूलर पाठीमागून लावा, समोरून लावला तर भुसा तोंडावर येतो. चालू करताना त्याने ठोकळ्याच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. तुकडा सुटतो तो चाकाच्याच रेषेत सुटतो.

हळदू_शिवण
चालू करायच्या आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. टेका (पटाशी टेकवायची पट्टी) कुठे घासत नाही ना, चकाची चावी काढली ना, मागचा सेंटर (लाकडाला दुसऱ्या टोकाने धरणारा सुळका) घट्ट आहे ना. टेका लाकडाच्या जवळ, काही मिलीमीटरवर. कातून लाकूड बारीक झालं की फट वाढते, तेव्हा मशीन थांबवून टेका पुढे घ्या. फट मोठी राहिली की पटाशीचं टोक खाली ओढलं जातं आणि दांडा वर उसळतो.
पटाशी आधी टेक्यावर टेकवायची, मग धारेमागचा उतार लाकडाला घासू द्यायचा, मग हळूच दांडा उचलला की ढलपी निघते. धार आधी टेकवली की संपलं. बारीक शेपटीची (मुठीत बसणाऱ्या टोकाची) मोठी गोल पटाशी लांब दांड्यांसाठी आहे, वाडग्यात घालू नका. शेपटीपाशी मोडते.
फेसप्लेटला (ठोकळा स्क्रूने बसवतात त्या चकतीला) जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू वापरू नका हो. ते ठिसूळ असतात, तटकन तुटतात.

बुटीबोरी_शिफ्ट
लाईटचं कोणीच नाही लिहिलं? लाईट गेली, माणूस चहाला गेला, बटण चालूच. आली की मशीन आपोआप फिरते, आणि तेव्हा कोणाचा तरी हात चकावर असतो. नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर बसवा, लाईट आल्यावर तो हिरवं बटण दाबल्याशिवाय चालू होत नाही.

सीताबर्डी
काऊन बाप्पा, यंदा मारबतीची मिरवणूक पाहायला कोण कोण येऊन राह्यलं? पोट्ट्यांना घेऊन येतो.

घाटरोड
या ना भाऊ, पण सकाळी लवकर या, नंतर इतवारीत पाय ठेवायला जागा नसते.

जवस_चटणी
पॉलिशचं सांगते. लाकडाला जवसाचं तेल लावलं की ज्या फडक्याने पुसलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेत सुकताना गरम होतं, गोळ्यात उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. आपल्या मे महिन्यात तर जास्तच धोका. बाहेर एकेरी पसरून वाळवा, नाही तर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका.
आणि फिरत्या लाकडावर फडकं बोटाला गुंडाळून कधीच धरू नका. कागदी टॉवेल घ्या, अडकला तर फाटतो.

पुलीवाला
+१. पॉलिश पेपरलाही हेच. टेका आधी काढून ठेवा, पेपर घडी करून बोटांनी धरा, गुंडाळू नका. लाकडाच्या खालच्या बाजूने लावा, म्हणजे ओढला तरी हात तुमच्यापासून लांब जातो. सागाच्या, शिसमाच्या भुश्याने कातडीला खाज, दमा होतो. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कॅन्सरकारक ठरवलंय. रुमाल पुरत नाही, एन९५ लावा.

धार_लावणारा
बेंच ग्राइंडर: टेका दगडापासून ३ मिमी, वरची पट्टी ६ मिमी. नवा दगड बसवायच्या आधी दोरीत किंवा बोटावर टांगून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळू टिचका. खणखणीत वाजला तर चांगला, भद्द वाजला तर आत चीर आहे, फेकून द्या. दगडावर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा जास्तच हवा. बसवल्यावर एक मिनिट बाजूला उभं राहून रिकामा फिरवा. दगडाच्या बाजूच्या चपट्या अंगावर धार लावू नका.
४ इंची हँड ग्राइंडर साधारण ११,००० वर फिरतो. गार्ड काढून त्यावर ७ इंची डिस्क लावणारे पाहिले की पोटात गोळा येतो. ती डिस्क जवळपास ८५०० साठीच असते. लाकूड कापायची दातेरी चकती तर त्यावर लावूच नये, लाकडात अडकली की मशीन सरळ अंगावर येते.

मेडिकल_चौक
एवढं सगळं करूनही बोट तुटलं तर: जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात वर धरा, १०८ लावा. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ गॉजमध्ये, मग बंद प्लास्टिक पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात. बर्फाला थेट लावू नका, पेशी मरतात. डोळ्यात काडी रुतली असेल तर ओढू नका, चोळू नका, कागदी कप झाकून नेत्रविभागात न्या.

महालची_ताई
पोराला सगळं वाचून दाखवलं. राखी सोडून देवघरात ठेवली त्याने. चकाची चावी वापरात नसताना कुठे ठेवायची, ते सांगा ना.

हळदू_शिवण
मशीनच्या बटणाशेजारी खिळा ठोका ताई. चावी खिळ्यावर दिसली तरच बटण.